जवळा बाजारची सराई

हिंगोलीहून बैलगाडीने निघालो तेव्हा जवळा बाजारची जुनी सराई (वाटसरूंची धर्मशाळा) पाहावी, एवढाच बेत होता. कंबरेचा पार भुगा झाला तेव्हा कुठे ओढ्याकाठी काळ्या दगडी कमानींची रांग दिसली. पाहताच शीण पळाला.

सराई सांभाळणारे महबूबचाचा दारातच भेटले. त्यांचे बिऱ्हाड आतल्याच एका खोलीत. आठवडी बाजाराला इथे प्रत्येक घराण्याची कमान ठरलेली, कासाराची कासाराला, तेल्याची तेल्याला. रिकामी असली तरी दुसरा कोणी तिथे पथारी टाकत नाही. चाचांनी गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, पण स्वतः घास घेईनात.

"सरकार ही पाडून कारकुनांची घरं बांधून राहिलं, साहेब. तुमी शिकलेले. तहसीलदार सायबाच्या कानावर घाला ना. माझा जलम गेला इथं."

असली उठाठेव मला भारी आवडते. वसमत गाठले, तहसीलदारांपुढे आठ दिवस घसा कोरडा केला, आणि नवल म्हणजे त्यांनी ऐकले! घरे ओढ्यापलीकडच्या माळावर बांधू म्हणाले आणि जागा आखायला एक चपराशीही सोबत दिला. परतताना मी गाडीत चक्क गुणगुणत होतो.

ओढा ओलांडला आणि गाणे थांबले. सराई नव्हती. नुसता चौथरा आणि चुन्याचे ढिगारे.

"कुणी पाडली?" मी ओरडलो.

"आमीच," चाचा म्हणाले. "आठ दिवस झाले, तुमचा निरोप नाही. सरकारनं दगड नेले असते, मग हाती काय राहतं? मीच म्हणलो, ज्याची कमान त्यानं न्यावी. अंगणात तरी राहील." मग माझा चेहरा पाहून ते चाचरले. "काहून (का), साहेब? ठेवणार होते का?"

मी होकारार्थी मान हलवली. चाचा मटकन खाली बसले.

चपराशी चौथऱ्यावर फिरून आला. "मंग आता माळावर काहून जायचं? जागा तर इथंच मोकळी झाली," म्हणाला आणि तिथेच खुंट्या ठोकू लागला.

गावातून परतताना अंगणाअंगणात ते दगड नीट रचून ठेवलेले दिसले. इतक्या मायेने जपणाऱ्यांच्याच हातून सराई गेली, आता दोष तरी कुणाला द्यावा? घरी आल्यापासून कशातच मन लागत नाही. चाचांच्या वाट्याला तर एकही दगड आला नाही. त्यांची अशी वेगळी कमानच नव्हती, त्यांची सगळी सराई होती.