दुष्काळातलं वीजघर

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही घाटाजवळच्या एका धरणाच्या पायथ्याशी, वीजघराच्या चाळीत राहत होतो. माझे यजमान तिथे ऑपरेटर. वीजघर लहान, दोनच मशीनं, आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली. त्या उन्हाळ्यात धरण इतकं खाली गेलं की एक मशीन बंदच ठेवलं. दुसरं फक्त पिण्याचं पाणी सोडलं की फिरायचं. तळच्या पाण्यात नुसतं शेवाळ आणि कुजका पाला. तो मशीनकडं पाणी जायच्या तोंडावरच्या जाळीला चिकटला की वीज घटायची. मग यजमान दाताळ्यानं जाळी साफ करत बसायचे. घरी आले की बोलायचंही त्राण नसायचं.

अशात माझ्या माहेरून, काष्टीहून, धाकटा भाऊ आला. चहा व्हायच्या आधीच म्हणाला, "दाजी, हिरीत तळाला थोडं पानी हाय, पन मोटार फिरंना. विजेला दाबच न्हाई. तुमी हितनं जरा जास्त सोडा की."

त्याची लिंबाची बाग वाळत चालली होती. त्याच्या भोळ्या मागणीचं मला हसूही आलं नाही.

यजमान त्याला घेऊन कामावर गेले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर दोघंही गुडघाभर चिखलात. भाऊ दाताळं ओढत होता. मधेच आत जाऊन विजेच्या मीटरचा काटा बघून आला.

"ताई, चढला गं जरा!"

तासाभरात जाळी पुन्हा भरली. संध्याकाळी पाणी बंद झालं, मशीन थांबलं. भाऊ पायरीवर बसला.

"एवढीच वीज व्हती, दाजी?"

"एवढीच. तारेत गेली की ती काष्टीला जाते का दुसरीकडं, मलाही ठाऊक नाही."

सकाळच्या एस्टीनं तो परत गेला. घागरीनं पाणी शेंदून त्यानं थोडी झाडं जगवली, बाकीची तोडली.

पुढे वीजघर पूर्ण बंद पडलं. तरी यजमान रोज जायचे, तेल द्यायचे, मशीन गंजून जाम होऊ नये म्हणून हातानं फिरवायचे. काम असताना दमत नव्हते इतके तेव्हा दमून यायचे.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं, दोन्ही मशीनं सुरू झाली. यांनी रजा काढली आणि आम्ही माझ्या माहेरी गेलो. तिथे ते नुसते झोपून राहिले. भाऊ हाक मारायला गेला की आई म्हणायची, "निजू दे त्यांला."