धडा उत्क्रांतीचा, तक्रारी माझ्याकडे

दहावीला विज्ञान शिकवलं की उत्क्रांतीचा धडा दरवर्षी येतो आणि जाताना एखादा किस्सा मागं ठेवून जातो. मी दौंडहून रोज वरवंडच्या शाळेत येते. हल्ली तो धडा जवळ आला की आधी थकवाच येतो.

*

एकदा एक पालक उसाला पाणी देता देता तसेच स्टाफरूममध्ये आले. बाईंनी आमच्या पोरीला माकडाची अवलाद म्हटलं, अशी त्यांची तक्रार. मी नेहमीचं सांगितलं. माकडाचा माणूस झाला असं पुस्तक म्हणत नाही, फार मागं दोघांचा पूर्वज एक होता, मग फांद्या वेगळ्या झाल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी भाऊबंद हायेत," ते म्हणाले. "तरीच उसात हक्कानं शिरत्यात."

*

विज्ञान दिनाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी मासा, कासव, वराह असे अवतार ओळीनं सांगितले आणि उत्क्रांती आपल्याकडं आधीपासूनच होती, असा निकाल दिला. पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, मग पेपरात कोणतं लिहायचं?

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "पेपरात बाईंचं लिहा," ते म्हणाले, "आणि घरी गेल्यावर माझं माना."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

*

माझा एक जुना विद्यार्थी कारेगावला खोली घेऊन राहायचा, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. मशीनमध्ये हात सापडला आणि पुढं काम सुटलं. साहेबानं त्याला ऐकवलं, सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट, शाळेत शिकला असशीलच. तो मुद्दाम मला विचारायला आला, हे खरंच धड्यात आहे का?

मी म्हटलं, निसर्गात काय घडतं ते धडा सांगतो. माणसानं माणसाशी कसं वागावं, ते त्यात नाही.

त्यानं बँडेजचा हात टेबलावर ठेवला. "पन बाई, पेपरात त्या फिटेस्टच्या उत्तराला तुम्ही मला पैकीच्या पैकी दिले व्हते."

*

यंदा माझा घसा बसला, म्हणून गणिताचे कांबळे सर मदतीला आले. त्यांनी फळ्यावर सजीवांचं मोठं झाड काढलं. गावात मान असलेल्या एका आबांची नात वर्गात होती. तिनं विचारलं, आमचं कूळ या झाडावर कुठंय?

सरांनी एका फांदीच्या टोकावर खडू टेकवला.

"आन् तुमचं, सर?"

सरांनी खडू उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत हजर. मी धास्तावले. पण ते थेट कांबळे सरांसमोर जाऊन बसले. सरांनी थर्मासमधला स्वतःचा चहा कपात ओतून पुढं केला. चहा निवला तरी आबांनी कपाला हात लावला नाही.

"नातीला शिकवा असंच," ते म्हणाले. "मला आता न्हाई जमायचं."

ते उठले आणि जिन्यापर्यंत गेले. तिथं थांबले. मग परत आले, निवलेला चहा उभ्यानंच प्यायले. सर कप घ्यायला पुढं झाले, तर आबांनी दिला नाही. नळाखाली स्वतःच विसळला आणि टेबलावर पालथा घालून गेले.