घळीपलीकडची भेग

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मे महिन्यात आमच्या सहा जणांच्या सेक्शनला स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पाठवलं. मी कॉर्पोरल साठे, ब्रिटिश आर्मीत इंजिनिअर. जन्म साताऱ्याचा, वाढलो कॉव्हेंट्रीत. वडील तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते.

तिथे एक धबधबा आहे. त्याच्यासमोरच्या खोल घळीवर टूरिस्टांसाठी तारेचा झुलता पूल बांधायचा होता. कौन्सिलला पूल मिळणार, आम्हाला ट्रेनिंग. गावातल्या फोनबूथवरून आईला हे सांगितलं.

"म्हणजे सहलच की रे," आई म्हणाली. "जेवतोस ना नीट?"

सहल नव्हती. त्या काळात आयरिश अतिरेकी ब्रिटिश सैनिकांच्या गाड्यांखाली बॉम्ब लावत. रोज सकाळी सहाला मी दांडीच्या आरशाने लँडरोव्हरचं पोट तपासायचो. गावात युनिफॉर्म घालायला बंदी होती. कोणी आपल्यात जास्त रस घेत असेल तर लगेच रिपोर्ट करायचा, अशी ऑर्डर होती. इथे तर दिवसभर माणसं यायची. हातात कॅमेरे, गळ्यात दुर्बिणी. किती जण आहात, कुठे राहता, असं सहज विचारायची. मी हसून काहीही सांगायचो आणि त्यांच्या गाडीचा नंबर लिहून ठेवायचो.

तिसऱ्या आठवड्यात एक साठीचा माणूस येऊ लागला. अंगात टोपीचं तपकिरी जाकीट, हातात काठी. सकाळी नऊच्या सुमारास पलीकडच्या काठावर बसून वहीत काहीतरी लिहायचा. मला खटकलं ते एकच. लोक शंभर मैलांवरून धबधबा बघायला येत होते आणि हा एकदाही तिकडे मान वळवत नव्हता. तो त्या काठावरचा आमचा अँकर बघत होता. अँकर म्हणजे पुलाच्या तारा खडकात जिथे रोवल्या होत्या ती जागा.

गुरुवारी मी लवकर पोहोचलो. तो अँकरच्या मागे वाकला होता, हात झुडपात. मला पाहताच उठला आणि निघून गेला.

मी लान्स कॉर्पोरल इव्हान प्रोबर्टला बोलावलं. हा वेल्सचा, खाणकामगाराचा मुलगा. माझा सेक्शनमधला सगळ्यात जवळचा दोस्त. दोघांनी ती जागा झुडूप न् झुडूप शोधली. वायर नाही, डबा नाही.

"काही नाही," इव्हान म्हणाला.

"मग हात कशाला घातला होता?"



मी कॅम्पवर आमच्या सार्जंट हॅलमला कळवलं. त्याचा हुकूम आला : पुन्हा दिसला तर वही घ्या, नाव घ्या, बाहेर काढा.

शुक्रवार, ०९४०. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"सर, वही द्या."

"माझी आहे ती."

"माहीत आहे. द्या."

त्याने दिली. "कॉर्पोरल, त्या खडकाच्या मागे जरा..."

"गाडीकडे चला, प्लीज."

पुढे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. नाव मॅक्रे, पत्ता जवळच्याच गावाचा. वहीत अँकरची स्केचेस, वेळा आणि आकडे होते. चार, चार, सहा, नऊ. माझ्या दृष्टीने ती सरळसरळ टेहळणी होती. मी त्याला घालवून दिलं, वही लँडरोव्हरच्या पेटीत बंद केली आणि पोलिसांना कळवलं.

जेवताना इव्हानने विचारलं, "काय आहे रे वहीत?"

"आकडे."

"बघू."

"एव्हिडन्स आहे. पोलीस बघतील."

१४१२. इव्हान पलीकडच्या अँकरवर बोल्ट आवळत होता. त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा सेफ्टी क्लिप पुलाच्या तारेला अडकवलेला होता. मी वाटेवर, वीस पावलांवर. पिवळ्या रेनकोटातली एक बाई आम्ही लावलेली धोक्याची टेप ओलांडून फोटो काढायला थेट अँकरजवळ आली होती. मी तिला हाक मारणार, इतक्यात ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज झाला.

"मागे!" इव्हान ओरडला.

ती जागीच थिजली. इव्हानने क्लिप काढला. तीन ढांगांत तिच्यापर्यंत पोहोचला आणि तिला माझ्या दिशेने ढकललं. मी तिच्या रेनकोटाला धरून तिला ओढलं. मान वर केली तेव्हा खडक नव्हता, अँकर नव्हता, इव्हानही नव्हता. समोरच्या काठावरून तार लोंबत होती. क्लिप तसाच ठेवला असता तर तो कदाचित त्या तारेला लटकून राहिला असता.

मी रेडिओवर कॅम्पला बोलावलं. "झीरो, धिस इज टू. मॅन डाऊन. हेलिकॉप्टर. ओव्हर."

"टू, कोण? ओव्हर." सार्जंटचा आवाज.

"इव्हान."

रेडिओवर नाव घ्यायचं नसतं. मी घेतलं.

दोर बांधून मी खाली उतरलो. तो गेला होता. १५२० ला हेलिकॉप्टर आलं.

साडेपाचला पोलीस मॅक्रेंना कॅम्पवर घेऊन आले. त्यांनी तीस वर्षं दगडाच्या खाणीत काढली होती. आम्ही ड्रिलिंग केल्यावर अँकरमागे भेग पडली होती, आणि ते रोज ती पट्टीने मोजत होते. आकडे मिलिमीटरचे होते. झुडपात ती भेग माझ्या हाताखाली आली असणार. पण मी वायर शोधत होतो.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"गावात म्हणत होते, पूल हा बहाणा आहे, आर्मी हा डोंगर फायरिंग रेंजसाठी घेणार. मला वाटलं, आधी मोजून पक्कं करावं, मग कौन्सिलला लिहावं." "तुमच्यावर विश्वास नव्हता."

मी वही परत दिली. त्यांनी ती उघडली नाही.

इन्क्वायरीत माझ्यावर ठपका आला नाही. मी हुकूम पाळला होता, असं लिहिलं गेलं. तीस वर्षं खाणीत घालवलेला माणूस बोलायला लागला होता आणि मी त्याला गाडीकडे चला म्हणालो, हे मी माझ्या जबानीत सांगितलं. वही खाणकामगाराच्या मुलाने मागितली होती आणि मी दाखवली नाही, हे सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

पुढच्या वर्षी दुसऱ्या युनिटने धबधब्याच्या वरच्या बाजूला नवा पूल बांधला. लोक त्यावरून जातात, फोटो काढतात.

इव्हानला त्याच्या गावी, वेल्समध्ये पुरलं. आम्ही पाच जणांनी आणि त्याच्या वडिलांनी खांदा दिला. नंतर त्याच्या आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "ती बाई त्याच्या ओळखीची होती का?"

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदाच पाहत होता."

तिने मान हलवली. 

"तो तसाच होता," ती म्हणाली.

लान्स कॉर्पोरल इव्हान प्रोबर्ट. वय चोवीस.