घरी काढलेलं तिकीट

माझी थोरली जाऊ वारली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. घरातली माणसं म्हणतात, आता तरी तिच्याबद्दल चार शब्द गोड बोल. मला ते जमत नाही. तोंडावर मी तिला जन्मभर अहोजाहो केलं, इथे लिहिताना मात्र करणार नाही.

आम्ही केडगावात राहायचो. एकाच घराचे दोन भाग, मध्ये मातीची भिंत आणि पुढे दोघींचा मिळून एक ओटा. भिंत अशी, की तिकडे तिने भाकरी थापली तरी इकडे ऐकू यायची. माझे मालक नगरला कापडाच्या दुकानात कामाला होते, रोज सायकलने जायचे. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. जाऊला तीन होती. त्यातली थोरली मुलगी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. बाळंतपण हिचं आणि रात्री पोर माझ्या कुशीत, असंच चालायचं. तेव्हा हिला माझी नजर कधी दिसली नाही. ती दिसायला लागली तिसऱ्या खेपेला मुलगा झाल्यावर.

बहात्तरच्या दुष्काळात आलेल्या संक्रांतीची ही गोष्ट. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, साखर चिमटीने वापरायची. तरी नगरच्या दुकानांत छापील भेटकार्डं आलीच होती. सुगडं, पतंग आणि सोनेरी अक्षरांत ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. जाऊ ही कार्डं दरवर्षी माहेरच्या लोकांना पाठवायला आणायची, आणि पाठवायच्या आधी ओट्यावर मांडून अख्ख्या गल्लीला दाखवायची. त्या वर्षी तिने ती मांडली तेव्हा गल्लीतली पोरं डोळे फाडून बघत बसली. मला तिडीक आली. मी पोरांना म्हटलं, चला, आपण घरी करू. अट एकच, काही म्हणजे काही विकत आणायचं नाही.

जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ घेतली, मालकांच्या दुकानातल्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला. बाभळीत अडकून फाटलेले पतंग पोरांनी काटे टोचून घेत काढून आणले. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून मी खळ केली. रंग हळदीचा, कुंकवाचा आणि कपड्याच्या निळीचा. गाजर कापून त्याचे ठसे करायचे, आणि ठसा मारून झाला की पोरं ते गाजर धुऊन खायची. काही न धुताच खायची, त्यांची तोंडं निळी व्हायची आणि मग मी ओरडायचे. ओरडणं मला चांगलं जमतं. वाकडं कापलं की हातावर फटकाही द्यायचे. तरी पोरं शाळा सुटली की दप्तरासकट माझ्याच ओट्यावर.

पुतणीचा, म्हणजे जाऊच्या थोरलीचा, हात सगळ्यांत चांगला. काजळात काडी बुडवून ती माणसांची तोंडं काढायची, ओळखू येतील अशी. मी तिला चिमूटभर तीळ दिले, ते तिने एकेक करून खळीवर फुलासारखे बसवले.

“खायाला तीळ न्हाई आन् कागदाला चिटकावतीया,” जाऊ उंबऱ्यातून म्हणाली.

“तुमीबी लावा की थोडं जिभंला,” मी म्हटलं. “सणापुरतं तरी गोड बोलता यील.”

पोरं फिदीफिदी हसली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरातरा आली, पोरीला दंडाला धरून उठवलं आणि तिने केलेली सगळी कार्डं उचलली.

“आमची गरिबी गावाला वाटाय निघाली ही! पोरांची येवढी हौस आसंल तर आपली आपन आनावी. माझी पोर पुन्यांदा हितं दिसायची न्हाई.”

संध्याकाळी ती कार्डं तिने बंबात घातली. भिंतीपलीकडून पोरीचं रडणं ऐकू आलं. मी तिच्या आईच्या नावाने काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

संक्रांतीला धाकट्याचं बोरन्हाण होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलं, मला सोडून. मुलाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि हलवा ओततात, आणि बाकीची पोरं तो खाऊ लुटतात. भिंतीपलीकडे बोरं जमिनीवर सांडल्याचा आवाज मी इकडे एकटीने ऐकला. कुणीतरी विचारलं, “धाकली कुठं हाय?”

“तिची नजर नगं बाई लेकराला,” जाऊ म्हणाली.

हिच्या पोरांचे लंगोट मी धुतले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. संध्याकाळी गल्लीतली पोरं आपापली कार्डं घेऊन माझ्याकडे आली, पाया पडली, तिळगूळ देऊन गेली. पुतणी आली नाही. रोज शाळेला जाताना ती माझ्या दाराकडे न बघता जायची, कारण आई मागे उंबऱ्यात उभी असायची. मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. तिला याची सवय होईल, आणि मग कुणी अडवायचीही गरज उरणार नाही.

थोड्या दिवसांनी पोस्टमन आला. जाऊ ओट्याच्या तिच्या बाजूला मिलो निवडत बसली होती, मी माझ्या बाजूला. दोघींचं बोलणं बंद होतं.

“धाकल्या वैनी, तुमचं बैरंग आलंय,” तो म्हणाला. बैरंग म्हणजे बिनतिकिटाचं टपाल, घेणाऱ्याने दुप्पट पैसे भरून सोडवायचं.

“तिकीट तर हाय की ह्याला,” मी म्हटलं.

“हाय, पर सरकारी न्हाई. घरी काढलंय.” त्याला हसू आवरेना.

जाऊने मान लांब केली आणि पाकिटावरचं अक्षर ओळखलं. “तिला दिऊ नका वो. परत धाडा त्ये.”

“धाडतो की. पर परत म्हंजी धाडनाऱ्याच्या घरी. मागं पत्ता तुमचा हाय, थोरल्या वैनी. पैसं तुमी भरा मंग.”

पत्ता कसा लिहायचा ते शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, आणि पोरीने तो पुढे-मागे नेमका लिहिला होता. तिच्या दारापासून माझं दार दोन उड्यांवर, तेवढ्यासाठी ते पाकीट नगरला जाऊन आलं होतं. जाऊचं तोंड बघून मला भयंकर आनंद झाला आणि मी तो लपवला नाही. डब्यातली मोड आणून पोस्टमनच्या हातावर ठेवली.

मग तिकीट नीट बघितलं. चौकोनी कागद, कडेने सुईने भोकं पाडून खऱ्या तिकिटासारखा फाडलेला. तिकिटावर मोठ्या माणसांचं तोंड असतं एवढं तिला ठाऊक होतं. तिने माझं काढलं होतं. मोठं कुंकू, कपाळाला आठी, आणि ओरडताना असतं तसं उघडं तोंड. विकत काही आणायचं नाही ही माझी अट पोरीने तिकिटापर्यंत पाळली होती. आत पतंगाच्या कागदाचं फूल होतं, मधोमध तीळ होते, आणि खाली लिहिलं होतं, ‘काकी तिळगूळ घे. मला येऊ देत नाहीत. तू ये.’

मी पदर खोचला आणि उठले. जाऊ लगबगीने जाऊन तिच्या दारात आडवी उभी राहिली.

“कुठं निघालीस?”

“बोलावनं आलंय,” मी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं. “पोस्टानं. पैसं भरून सोडवलंय.”

पोस्टमन सायकलला टेकून बघत होता. समोरच्या बायकाही बाहेर आल्या होत्या. चारचौघांत मला अडवायचं, तर का अडवलं तेही चारचौघांत, माझ्या तोंडावर सांगावं लागलं असतं. ती बाजूला झाली. राग गेला म्हणून नव्हे. तो तिचा शेवटपर्यंत गेला नाही, आणि माझाही नाही.

आत पुतणी धाकट्याला पाळण्यात झोके देत होती. मला बघून ती तशीच बसून राहिली, दोरी हातात घट्ट धरून.

“काकी, तिकीट चाललं?” तिने विचारलं.

माझ्या मागे जाऊने तोंड उघडलं. मी वळून तिच्याकडे बघितलं, आणि तिने ते मिटलं.

“चाललं की,” मी म्हटलं, आणि पाळण्याची दोरी पोरीच्या हातातून माझ्या हातात घेतली.