जाड-बारीक शेवया

दक्षिण कोरियातल्या मोकफो बंदराच्या मासळीबाजारात पिल-सुनचं रश्शातल्या शेवया खाऊ घालणारं दुकान होतं. कणीक लाटायची, घडी घालायची आणि सुरीनं सपासप कापायची, हे ती चाळीस वर्षं करत आली होती.

दुखणं आधी नाकात शिरलं. एका सकाळी सुक्या मासळीचा रस्सा तळाला करपला, गिऱ्हाइकं नाक दाबून उठली, पण पिल-सुनला काही जाणवलंच नाही. मग चालताना उजवा हात नुसता लोंबायला लागला. बसली की अंगठा आपोआप थरथरे. दुकानातल्या फळ्यावर भाव लिहिताना तिचं अक्षर मुंगीएवढं व्हायला लागलं. शेजारची कालवंवाली माल-रे एकदा म्हणाली, "तोंड पाडून का बसतेस गं? माणसं भितात तुला." पिल-सुन तेव्हा मनातल्या मनात हसत होती. चेहऱ्यावर ते उमटलंच नव्हतं.

क्वांगजू शहरातल्या डॉक्टरांनी तिला चालवून पाहिलं, बोटांची उघडझाप करायला लावली आणि पार्किन्सन असल्याचं सांगितलं. गोळ्यांनी अंग मोकळं होईल, पण आजार वाढत जाणार. मुलगा जोंग-गू दुकान बंद कर म्हणून आठवडाभर मागे लागला.

"घरी बसले तर हात थरथरायचा थांबणार आहे का?" पिल-सुनने विचारलं. "मग थरथरू दे इथंच."

तिनं गोळ्यांच्या वेळा पाहून दुकानाच्या वेळा बदलल्या. अंग साथ देई तेवढ्याच तासांत चूल पेटायची.

चौथ्या वर्षी पाय दगा देऊ लागले. स्वयंपाकघराच्या दारात ती खिळल्यासारखी उभी राही; एकदा तर मागून भांडी घेऊन येणारी सून हे-सुक तिच्यावर आदळलीच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, समोर रेघ असली की पाय उचलतो. पिल-सुनने चुलीपासून दारापर्यंत पावलापावलावर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. लोक काय म्हणतील, असं जोंग-गू कुरकुरला. ती म्हणाली, "म्हणू देत. त्यांनाही ओलांडायला लाव."

शेवया मात्र एक जाड, एक बारीक व्हायला लागल्या. कुणी बोललं तर ती वाडगा पुढे सरकवून म्हणे, "चावायला दात आहेत ना?" पण एका सकाळी सुरी बोटात खोल गेली. टाके पडले. त्या दिवशी ती घरी जाऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन सुरी हे-सुकच्या हातात दिली.

बसून राहणं तिला जमलं नाही. कणकेचा गोळा जाड पिशवीत घालून ती पायानं तुडवायला लागली, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी दांड्याला धरून. आजारानं आवाजही बसत चालला होता, म्हणून प्रत्येक पावलाला मोठ्यानं आकडा म्हणायचा, असं तिनं ठरवलं. पलीकडून माल-रेने तक्रार केली, की हिच्या मोजण्यात माझं बोलणं गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही.

पिल-सुनला फार बरं वाटलं. तिनं पुढचा आकडा आणखी जोरात म्हटला.