मागच्या सीटवर

कोळवणात माझ्या खाचराशेजारी बावधनच्या एका साहेबानं जागा घेऊन घर बांधलं. त्याच्या आईला मात्र ते अजून दाखवता आलं न्हाई, कारण म्हातारीला एसटीची पायरी चढवत न्हाई. म्हणून गाडी घ्यायची. पण साहेबाची पसंती ठरंल तर ना! दर रविवारी शोरूमच्या माणसाला नवी गाडी घेऊन हितवर आणतो आणि मडकं पारखावं तसं दार वाजवून, कान लावून ऐकतो. "मजबूत पाहिजे, आरामाची पाहिजे, आणि घाटात बंद पडायला नको," एवढंच त्याचं पालुपद.

परवा मला म्हणाला, "आबा, जरा मागं बसून बघता का?"

"मला म्हातारा समजलास व्हय?" असं म्हणत मी बसलो. सीट गादीवानी मऊ, पण लई खाली. उतरायला गेलो तर गुडघे उचलंनात.

"उतरताय ना, आबा?"

"बसू दे की. लई आराम हाय हितं."

शोरूमवाला खूश झाला. साहेबानं मात्र माझे दोन्ही हात धरून मला बाहेर ओढलं आणि त्याला सांगितलं, "ही नको. आईपण अडकली की असंच म्हणते."