आमच्या वंदनेला ते हबब म्हणाले

ठाकुर्लीच्या नव्या फ्लॅटमध्ये आमची वंदना चालू होती आणि सोसायटीचे चेअरमन दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. चहा नको म्हणाले. आमच्यात नवं घर घेतलं की आधी सगळे नातेवाईक बसून मोठ्यानं बुद्धवंदना म्हणतात, मग जेवणं. पुढं सांगायला माझी आई. आंबिवलीच्या विहारात तिनं कायम माइकशिवाय वंदना सांगितली. वस्तीच्या शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जायची.

चेअरमन रिटायर्ड प्रोफेसर. गोड बोलणारे. म्हणाले, "ताई, आमच्याकडे असला हबब चालत नाही."

मग मागे जमलेल्या शेजाऱ्यांना समजावून सांगितलं, हबब म्हणजे गलका, मोठा गमतीशीर इंग्रजी शब्द आहे, उच्चारातच गोंगाट ऐकू येतो. शेजाऱ्यांनी म्हणून पाहिला. हबब, हबब. हसले. माझ्या दारात, माझ्या माणसांदेखत.

आईला इंग्रजी येत नाही. हसणं कळलं. उरलेली वंदना तिनं ओठातल्या ओठात संपवली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

थोड्याच दिवसांत त्याच मजल्यावर सत्यनारायण झाला. स्पीकर लावून. चेअरमन स्वतः प्रसाद वाटत होते.

मी ठाण्याला कॉल सेंटरमध्ये आहे. दिवसभर इंग्रजीच बोलते. तो शब्द मला ठाऊक होता, पण आला कुठून हे कधी पाहिलं नव्हतं. डोक्यातून जाईना, म्हणून ब्रेकमध्ये कॅन्टीनला बसून शोधलं. बहुधा आयरिश लोकांकडून आलाय, असं लिहिलेलं. लढायला निघताना ते जो घोष करत, त्यात अबू असा शब्द असे. अर्थ, विजय असो. त्यांच्या देशात घुसलेल्या इंग्रजांना तो नुसता गलका वाटला. त्या गलक्याचाच हबब हा शब्द झाला.

मला आमची जयंतीची मिरवणूक दिसली. विजय असो म्हणताना बापाच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. आम्ही रस्त्यानं जाताना खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. लहानपणी वाटायचं, आमचा आवाज मोठा आहे म्हणून. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये ते वाटणं संपलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, त्या दिवशीच्या गलक्याबद्दल सॉरी म्हणा, विषय संपवू. मी उभी राहिले. त्या शब्दाची सगळी कुळकथा सांगितली. वाटलं, निदान एकाची तरी मान खाली जाईल. चेअरमननी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"व्युत्पत्ती छान सांगितलीत. आता माफीचं बघा."

पालथ्या घड्यावर पाणी.

"मागणार नाही," मी म्हणाले आणि बसले.

कुणी बाजू घेतली नाही. खालच्या मजल्यावर आमच्यातलंच एक कुटुंब राहतं, आडनाव बदलून. त्यांनीही तोंड फिरवलं. त्यांचा राग येत नाही. कीव यायची, आता तीही येत नाही. लिफ्टमध्ये मी शिरले की बाकीचे जिन्यानं जातात. माझ्या मुलीला कुणी वाढदिवसाला बोलवत नाही. आणि आई यायचीच बंद झाली.

आणायला गेले तर म्हणाली, "अगं, तुला तिथं राहायचंय. मला तोंड दाबून बसायला लागतं. नाही जमायचं मला." मी खूप विनवलं. शेवटी एकटीच परत आले.

परवा पौर्णिमेला मी आणि मुलगी दोघीच वंदनेला बसलो. तिनं सुरुवात केली, शेजारच्या भिंतीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. मी असं कधी शिकवलं नव्हतं.

ही माणसं बदलायची नाहीत. आई येणार नाही. इथं आम्हाला कुणी आपलं म्हणणार नाही, मी मरेपर्यंत हप्ते फेडले तरी. हे सगळं मला कळलंय, आणि तरी मी इथून हलणार नाही. मी पोरीचा हात घट्ट धरला.

"पहिल्यापासून म्हण," मी म्हटलं. "मोठ्यानं."